ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर संशयास्पद फाइल सापडली तर काय करावे?

महिनाअखेरची घाई आहे. अकाउंट्समधली एक कर्मचारी मागच्या वर्षीची जीएसटीची शीट शोधत ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर फिरते आहे. शोधता शोधता 'न्यू फोल्डर (३)' उघडते. आत ओळखीचे काहीच नाही. 'सॅलरी रिव्हिजन' नावाची एक फाइल, पासवर्ड लावलेली एक झिप आणि नावाच्या जागी नुसते आकडे असलेले काही फोटो. फोल्डर कोणी बनवले ते पाहावे, तर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे नाव दिसते.

अशा वेळी बहुतेक जण चारपैकी एक गोष्ट करतात. उत्सुकतेने फाइल उघडतात, घाबरून डिलीट करतात, शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून दाखवतात किंवा मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून 'हे काय आहे?' म्हणत ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. यातली प्रत्येक गोष्ट साहजिक आहे आणि प्रत्येक चुकीची आहे. जुनी फाइल मुळात कोणी ठेवली, हे शोधायला अनेकदा आठवडे लागतात. ती काल कोणी उघडली, कोणी कॉपी केली, कोणी उडवली, हे मात्र नोंदी नीट ठेवल्या जात असतील तर काही मिनिटांत कळते. चौकशी सुरू झाली की पहिले नाव समोर येते ते फाइल ज्याला सापडली त्याचेच. त्यामुळे सापडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत काय केले आणि काय केले नाही, यावर बरेच काही ठरते.

शेअर्ड ड्राइव्हवर नको त्या फाइल येतात कुठून?

शेअर्ड ड्राइव्ह म्हणजे ऑफिसातल्या अनेकांना मिळून वापरता येणारी साठवणुकीची जागा. जुन्या पद्धतीत ती ऑफिसमधल्याच सर्व्हरवर असते आणि प्रत्येकाच्या संगणकावर झेड, एक्स अशा एखाद्या अक्षराने दिसते. नव्या पद्धतीत गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट अशा सेवा असतात. फाइल डिलीट करण्याचा विषय आला की या दोन पद्धतींतला फरक फार महत्त्वाचा ठरतो.

जागा सगळ्यांची असली की ती कोणाचीच नसते. सोसायटीच्या जिन्याखाली जशी जुनी सायकल, फुटक्या कुंड्या आणि कोणाचा तरी पत्र्याचा डबा वर्षानुवर्षे पडून असतो, तसेच इथे होते. नोकरी सोडून गेलेल्यांची फोल्डर तशीच राहतात. 'मूव्हीज' नावाचे एक फोल्डर अनेक ठिकाणी असतेच. कोणीतरी सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत टाकून ठेवलेली असते. सगळ्यात दुर्लक्षित असते ते 'स्कॅन' फोल्डर. ऑफिसचे स्कॅनर मशीन स्कॅन केलेला प्रत्येक कागद तिथे आणून टाकते. लोक आपली फाइल उचलतात, पण मूळ प्रत तिथेच राहते. कोणाचे आधार, कोणाचे पॅन, कोणाचा रद्द केलेला चेक, कोणाचा वैद्यकीय अहवाल असे सगळे तिथे साचत जाते आणि ऑफिसातला कोणीही ते पाहू शकतो.

हे लक्षात घेतले तर एक गोष्ट पटते. विचित्र वाटणारी प्रत्येक फाइल गुन्ह्याची नसते. एखाद्याने घरच्या प्रिंटरची शाई संपली म्हणून ऑफिसात छापायला आणलेला स्थळाचा बायोडेटाही तिथे राहून गेलेला असू शकतो. म्हणून फाइल दिसताच कोणाकडे बोट दाखवण्याची घाई करू नये.

फाइलमध्ये व्हायरस असेल तर?

सगळ्यात तातडीचा धोका हाच, कारण यात नुकसान मिनिटांत होते.

विंडोजमध्ये फाइलच्या नावाचे शेवटचे अक्षर-टोक, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळात लपवलेले असते. त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल पाहणाऱ्याला 'बिल डॉट पीडीएफ' अशीच दिसते. दिसायला कागद, प्रत्यक्षात प्रोग्राम. भारतातल्या छोट्या ऑफिसांना ओळखीचा 'शॉर्टकट व्हायरस' याच्याच जवळचा. तो पेनड्राइव्हवरून येतो, खरी फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे मांडून ठेवतो. रोजचेच फोल्डर समजून कोणीतरी क्लिक करते आणि व्हायरस पुढे सरकतो.

एक्सेल आणि वर्डच्या फाइलमधले मॅक्रो हा तिसरा मार्ग. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपोआप अडवायला मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सुरुवात केली. पण फाइल इंटरनेटवरून आली आहे, अशी खूण तिच्यावर असेल तरच हे चालते. ऑफिसच्याच ड्राइव्हवरून उघडलेल्या फाइलवर ती खूण असेलच असे नाही. म्हणजे ईमेलने आलेल्या अनोळखी फाइलबाबत संगणक जितका सावध असतो, तितका तो शेअर्ड ड्राइव्हवरच्या फाइलबाबत असेलच असे नाही. माणसांचेही तसेच असते. 'आपल्याच ड्राइव्हवर आहे ना, मग काय होतंय' हा विश्वास हल्लेखोरांच्या कामी येतो.

'क्लिक केले नाही, नुसते फोल्डर उघडून पाहिले' एवढ्यावरही पूर्ण निश्चिंत राहता येत नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने विंडोजमधल्या अशा दोषाचा वापर केला होता, ज्यात शॉर्टकटचे चिन्ह पडद्यावर दिसणे एवढेच पुरेसे होते. तो दोष दुरुस्त होऊन बरीच वर्षे झाली. पण काही खास बनवलेल्या शॉर्टकट फाइल फोल्डर उघडताच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधायचा प्रयत्न करतात, हे तंत्र अजूनही वापरले जाते. म्हणून असे फोल्डर पुन्हा पुन्हा उघडून 'अजून काय आहे' ते पाहत बसू नये.

एका संगणकावरून सगळ्या ऑफिसात काय पसरू शकते, हे २०१७ ने दाखवले. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरले. विंडोज संगणक एकमेकांशी फाइल शेअर करण्यासाठी जी यंत्रणा वापरतात, तिच्या जुन्या आवृत्तीतला दोष त्याने वापरला होता. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य ठिकाणी तो बसवलेलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली आणि फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला. त्या समूहाच्या ताब्यातले एक टर्मिनल नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. युक्रेनमधल्या अपडेटमुळे उरणकडचे कंटेनर खोळंबले. मर्स्कने आपले नुकसान ३० कोटी डॉलरपर्यंत असल्याचे सांगितले होते.

ड्राइव्हवरच्या फाइलची नावे अचानक बदललेली दिसत असतील, ओळखीच्या फाइल उघडत नसतील आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' सारखी एखादी नवी मजकूर-फाइल आलेली असेल, तर ही नुसती संशयास्पद फाइल नाही. हल्ला चालू आहे. अशा वेळी ईमेल लिहीत बसू नये. थेट फोन करावा.

मग पहिली दहा मिनिटे काय करायचे?

आधी काय करायचे नाही ते. फाइल उघडू नये. नाव बदलू नये. 'नंतर निवांत बघू' म्हणून आपल्या डेस्कटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊ नये. स्वतःच्या खासगी जीमेलवर तर अजिबात पाठवू नये. पुरावा जपण्याच्या चांगल्या हेतूने पाठवलेली फाइलही कंपनीच्या दृष्टीने बाहेर गेलेली माहितीच असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या परवानगीशिवाय माहिती कॉपी करणे आणि नष्ट करणे या दोन्हींबद्दल बोलते. तेच अप्रामाणिक हेतूने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू प्रामाणिक होता हे पुढे सिद्ध करता येईलही, पण ती वेळ येऊ न देणे सोपे.

डिलीट करण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण भल्या माणसांच्या हातून सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. आपल्या संगणकावरची फाइल डिलीट केली की ती रीसायकल बिनमध्ये जाते. ऑफिसच्या सर्व्हरवरच्या ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल साधारणपणे तिथे जात नाही, ती थेट उडते. बॅकअप असेल तरच परत मिळते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, तर शेअरपॉइंटच्या रीसायकल बिनमध्ये ९३ दिवस. म्हणजे नव्या पद्धतीत चूक सुधारायला थोडी सवड मिळते, जुन्या पद्धतीत तीही नाही. शिवाय वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह लॅपटॉपशी सिंक केलेला असेल, तर 'माझ्या लॅपटॉपवरून काढली' असे वाटत असताना ती सगळ्यांकडूनच निघून जाते. पुरावा म्हणून लागू शकणारी फाइल मुद्दाम नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार गुन्हाही आहे. घाबरून केलेले डिलीट आणि लपवण्यासाठी केलेले डिलीट नोंदीत मात्र सारखेच दिसते.

आता करायच्या गोष्टी. एका कागदावर किंवा वहीत लिहावे: फाइलचे नाव, फोल्डरचा पूर्ण पत्ता, दिसली ती तारीख आणि वेळ, फाइलचा आकार, आणि आपण तिथे कोणत्या कामासाठी गेलो होतो. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, पण पुढे विचारला जाणारा पहिला प्रश्न तोच असतो. फोल्डरमधल्या नावांच्या यादीचा एक स्क्रीनशॉट ऑफिसच्याच संगणकावर घेतला तर हरकत नाही. फाइलच्या आतल्या मजकुराचा घेऊ नये. फोटोंची लहान चित्रे दिसत असतील आणि ती अश्लील असतील, तर स्क्रीनशॉट घेऊच नये, शब्दांत लिहावे.

मग एकाच योग्य माणसाला कळवावे. ऑफिसात आयटी विभाग किंवा हेल्पडेस्क असेल तर तिथे, नसेल तर आपल्या वरिष्ठांना. मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ:

'सर, आज सकाळी ११.२० वाजता जीएसटीची जुनी शीट शोधताना अकाउंट्सच्या ड्राइव्हवर "न्यू फोल्डर (३)" मध्ये "सॅलरी रिव्हिजन" नावाची फाइल दिसली. नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई आहे. मी ती उघडलेली नाही, कॉपी किंवा डिलीट केलेली नाही. फोल्डरचा पत्ता खाली लिहिला आहे. पुढे काय करायचे ते कळवावे.'

यात अंदाज नाही, आरोप नाही, कोणाचे नाव नाही. आणि मुख्य म्हणजे फाइल जोडलेली नाही, फक्त तिचा पत्ता आहे. फोनवर सांगितले असेल तरी नंतर असा एक ईमेल जरूर करावा, म्हणजे कधी कळवले याची तारीख-वेळेसह नोंद राहते.

फाइल आधीच उघडली गेली असेल तर ती गोष्ट लपवू नये. चुकून डबल क्लिक झाले आणि पडद्यावर काहीच दिसले नाही, म्हणून 'काही झालं नाही' असे समजून गप्प बसणे सगळ्यात महाग पडते. लॅनची वायर काढावी, वायफाय बंद करावे आणि ताबडतोब फोन करावा. संगणक मात्र स्वतःहून बंद करू नये, कारण काय चालू होते याच्या काही खुणा फक्त चालू संगणकाच्या मेमरीत असतात आणि बंद होताच पुसल्या जातात.

ऑनलाइन तपासून पाहिली तर?

व्हायरसटोटलसारख्या संकेतस्थळांवर फाइल टाकली की अनेक अँटिव्हायरस ती एकाच वेळी तपासतात. सेवा उपयोगी आहे, पण तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना पाहता येते. ऑफिसची पगाराची शीट 'व्हायरस आहे का बघू' म्हणून तिथे टाकणे म्हणजे ती अनोळखी लोकांच्या हाती देणे. २०२३ मध्ये खुद्द व्हायरसटोटलच्याच एका कर्मचाऱ्याने चुकून आपल्या ग्राहकांची यादी असलेली फाइल त्या संकेतस्थळावर टाकली होती. त्यात सुमारे ५,६०० नावे होती. जाणकारांकडून हे होऊ शकते, तर इतरांनी हा प्रयोग आयटीवाल्यांवर सोडावा.

पासवर्डची फाइल सापडली तर?

'पासवर्ड्स डॉट एक्सएलएसएक्स' ही फाइल कोणालाही संशयास्पद वाटत नाही. उलट सोयीची वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या यंत्रणेत घुसलेल्या हल्लेखोराने आधी एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरकाव केला होता. पुढे आतल्या नेटवर्कवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये आपल्याला प्रोग्रामच्या काही फाइल मिळाल्या आणि त्यातल्या एकीत अॅडमिनचे नाव व पासवर्ड लिहिलेलेच होते, असे त्यानेच सांगितले. तो पासवर्ड इतर सगळे पासवर्ड सांभाळणाऱ्या यंत्रणेचा होता. म्हणजे तिजोरीची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेली.

अशी फाइल दिसली तर त्यातला पासवर्ड 'चालतो का' हे बघायला वापरू नये. एकदा लॉगिन केले की उद्देश काहीही असो, तो विनापरवाना प्रवेश ठरू शकतो. फाइल कुठे आहे ते कळवावे आणि ते सगळे पासवर्ड बदलावेत असे सुचवावे. नुसती फाइल काढून भागत नाही, कारण आधी ती कोणी पाहिली असेल ते सांगता येत नाही.

इतरांची खासगी माहिती उघड्यावर असेल तर?

स्कॅन फोल्डरमधली आधार कार्डे, सगळ्यांच्या पगाराची शीट, रुग्णांचे रिपोर्ट, मुलाखतीला आलेल्यांचे फोन नंबर हे सगळे यात येते. इथे गुन्हेगार कोणी नसतो, असतो तो ढिसाळपणा. पण त्याची किंमत आता वाढली आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सहकाऱ्यांचे पगार समोर आले की पाहण्याचा मोह कोणालाही होतो. पण 'अमक्याला माझ्यापेक्षा इतके जास्त' हे एकदा चहाच्या टपरीवर बोलले गेले की चर्चा फाइलच्या सुरक्षिततेची राहत नाही, ती फोडणाऱ्याची होते.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत अजून एक धोका असतो. जाहीर न झालेले तिमाही निकाल सापडले आणि त्या जोरावर शेअर घेतले किंवा मित्राला कळवले, तर ते सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार इनसायडर ट्रेडिंग ठरू शकते. माहिती चुकून मिळाली होती, हा बचाव तिथे फारसा टिकत नाही.

अश्लील फोटो किंवा व्हिडिओ असतील तर?

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र करून चालत नाही.

कोणीतरी इंटरनेटवरून उतरवलेले प्रौढांचे अश्लील व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवले असतील, तर ते ऑफिसच्या शिस्तीचे प्रकरण आहे. ते सहकाऱ्यांना मुद्दाम दाखवले जात असतील तर मात्र कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो, कारण अश्लील साहित्य दाखवणे त्यात स्पष्टपणे नमूद आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. असे व्हिडिओ गंमत म्हणून पुढे पाठवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७अ लागू शकते.

फोटो एखाद्या सहकारी महिलेचे खासगी, तिच्या नकळत काढलेले असतील, तर गोष्ट फारच गंभीर आहे. इथे पहिला विचार तिचा हवा. 'तुला सांगावं म्हणून' ते फोटो तिला किंवा तिच्या मैत्रिणीला पाठवणे म्हणजे ते आणखी एका फोनवर पोहोचवणे. अंतर्गत समितीच्या अध्यक्षांना, शक्यतो समोरासमोर, फाइलचा फक्त पत्ता द्यावा. पोलिसांत जायचे की नाही याचा निर्णय तिला विचारल्याशिवाय ऑफिसने परस्पर घेऊ नये आणि तिला गप्पही बसवू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण. इथे 'अंतर्गत मामला' हा शब्दच गैरलागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा एक निर्णय रद्द केला आणि अशी सामग्री बाळगणे हाही पॉक्सो कायद्याच्या कलम १५ खाली गुन्हा कसा ठरतो, हे स्पष्ट केले. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द न वापरता तिला मुलांच्या लैंगिक शोषणाची आणि अत्याचाराची सामग्री म्हणावे, असेही न्यायालयाने सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब तर अशी सामग्री शोधणे, पाहणे आणि डाउनलोड करणे यांनाही गुन्हा मानते.

म्हणून खात्री करून घेण्यासाठी दुसरा फोटो उघडू नये. कॉपी करू नये, स्क्रीनशॉट घेऊ नये, कोणालाही पाठवू नये, अगदी वरिष्ठांनाही नाही. जागेवरून उठून सांगावे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याची जबाबदारी आहे. न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. 'कंपनीचं नाव खराब होईल' म्हणून फाइल उडवून माणसाला राजीनामा द्यायला लावणारे साहेब स्वतः अडचणीत येतात ते यामुळे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र याच कायद्याने संरक्षण दिले आहे. पोलिस ठाण्याशिवाय राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते.

पैशांच्या घोटाळ्याचा संशय आला तर?

एकाच क्रमांकाची दोन बिले, कधीच न आलेल्या मालाच्या पावत्या, कर्मचाऱ्यांच्या यादीत नसलेल्या माणसांचे पगार. अशा फाइलमध्ये प्रश्न असतो तो सांगायचे कोणाला हा, कारण ज्याला सांगायचे तोच त्यात असू शकतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार तक्रारीची वेगळी यंत्रणा ठेवावी लागते आणि गरज पडल्यास ऑडिट समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येते. कंपनीच्या संकेतस्थळावर 'व्हिसल ब्लोअर पॉलिसी' या नावाने त्याची माहिती असते. छोट्या ऑफिसात अशी सोय नसते. तिथे पाऊल टाकण्याआधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

असे प्रकरण कोर्टात गेले तर फाइल पुरावा म्हणून टिकेल का, याचे उत्तर बऱ्याच अंशी जालन्याच्या एका निवडणुकीने दिले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांच्याविरुद्ध कैलास गोरंट्याल यांचा पराभव झाला आणि उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला होता का, हा वाद कोर्टात गेला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात सांगितले, की मूळ उपकरण हजर करता येत नसेल आणि प्रत द्यायची असेल, तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र सोबत हवेच. आता हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. त्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. फाइल उघडून सवयीने 'सेव्ह' दाबणाऱ्याने नेमके काय बिघडवले, ते इथे लक्षात येते. मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो म्हणूनच मूळ फाइलची जागा घेऊ शकत नाही.

कळवल्यानंतर ऑफिसने काय करायला हवे?

फाइल उडवणे हे आयटीचेही पहिले काम नाही. आधी त्या फोल्डरमध्ये इतरांना जाता येणार नाही असे करायचे, मग नोंदी सुरक्षित करायच्या आणि मग फाइलची नियमानुसार प्रत घ्यायची. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार नेमून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कर्मचाऱ्याने 'उद्या सांगू' म्हटले तर हे ६ तास कसे निसटतात, ते उघड आहे.

पाच-सात माणसांच्या ऑफिसात, दवाखान्यात किंवा सीएकडे आयटी विभाग नसतो. महिन्यातून एकदा येणारा कॉम्प्युटरवाला असतो. त्याला फोन केला की तो म्हणतो, 'काही नाही, फॉरमॅट मारून देतो.' व्हायरस जातो, पण तो कुठून आला, काय घेऊन गेला आणि कोणाच्या खात्यातून आला हे सांगणाऱ्या खुणाही जातात. त्याला स्पष्ट सांगावे, की संगणक नेटवर्कपासून तोडून तसाच ठेव, हार्ड डिस्क काढून बाजूला ठेव आणि काम नव्या डिस्कवर सुरू कर. त्यासाठी होणारा काही हजारांचा खर्च पुढच्या भानगडींच्या मानाने कमी असतो. बँक खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या हेल्पलाइनवर तातडीने फोन करावा.

कळवणाऱ्याला अनेकदा उत्तरच येत नाही. दोन-तीन दिवस वाट पाहून त्याच ईमेलच्या खाली आठवण करावी आणि तक्रारीचा नंबर मिळाला असेल तर तो वहीतल्या नोंदीशेजारी लिहून ठेवावा. मधल्या काळात फाइल अजून तिथेच आहे का, हे पाहायला पुन्हा त्या फोल्डरमध्ये जाऊ नये. महिन्यांनी चौकशी समितीने किंवा पोलिसांनी बोलावले, तर वहीतल्या त्या पाच ओळी आणि तो ईमेल सोबत न्यावा.